डिझेलचा धूर आणि वायूची जोड

वीज गेली कीं शहरांतील मोठ्या इमारतींच्या आवारांत जी शांतता पसरते, ती अलीकडे पांच-दहा सेकंदांपेक्षां अधिक टिकत नाहीं. तळाच्या कोपऱ्यांत लोखंडी पेटाऱ्यांत कोंडलेलें जनित्र घरघरूं लागतें, अडकलेली लिफ्ट पुन्हां चढूं लागते, जिन्यांतले दिवे लागतात आणि वरच्या मजल्यावरील मंडळी अर्धवट राहिलेलें वाक्य पुरें करतात. या सोयीची एक किंमत डिझेलच्या बिलांत दिसते व ती सर्वांस ठाऊक असते. दुसरी किंमत खालच्या दोन मजल्यांच्या खिडक्यांतून आंत येते. ती भरतात ते दमेकरी आजोबा, तान्हें मूल आणि दिवसभर घरांत वावरणाऱ्या स्त्रिया. सोसायटीच्या सभेंत जनित्राच्या खर्चाचे ठराव मांडणारी कर्ती मंडळी त्या वेळीं बहुधा कचेरींत असतात. त्यामुळें ही दुसरी किंमत इतिवृत्तांत क्वचितच नमूद होते.

या धुरावर उतारा म्हणून चालू असलेल्या डिझेल जनित्रास नैसर्गिक वायूची जोड देऊन तें ‘दुहेरी इंधना’वर चालविण्याची पद्धति गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत बरीच पुढें आली आहे. तिच्या जाहिराती वाचल्या तर तिच्यासारखी गुणकारी मात्रा नाहीं असें वाटावें. तिच्या विरोधकांचें ऐकलें तर ती निव्वळ धूळफेक ठरावी. ज्या घरांत चार पिढ्यांची माणसें एकाच हवेंत श्वास घेतात, त्या घरांतील वाचकांस या दोहोंच्या मधलें खरें काय तें कळावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम धुराविषयीं. डिझेलच्या धुरांत दोन पदार्थ विशेष त्रासदायक. एक काजळीचे अतिसूक्ष्म कण, जे नाकाच्या केसांत वा घशांत न अडकतां थेट फुप्फुसाच्या तळाशीं जाऊन बसतात. दुसरें नायट्रोजनचीं ऑक्साइडें, जीं श्वासनलिकेस जाळतात आणि उन्हांत ओझोन उत्पन्न करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटांत केली. तेव्हांपासून ‘थोडा धूर, त्यानें काय होतें’ हें म्हणण्यास आधार उरलेला नाहीं. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळूं लागलेल्या डिझेलमध्यें गंधक दहा लक्षांत दहा भागांहून अधिक नसतें हें खरें, व त्यामुळें धुराची कांहीं विषारी बाजू सौम्य झाली. परंतु काजळी ही तेलाच्या जातीइतकीच इंजिनाच्या जातीवर अवलंबून असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जनित्रांसाठींचे नियम २००४ मध्यें अंमलांत आले, २०१४ मध्यें कडक झाले आणि १ जुलै २०२३ पासून अत्यंत कडक झाले. पाऊणशेंहून अधिक किलोवॅट शक्तीच्या मध्यम जनित्रास २०१४ च्या नियमानें दर युनिटामागें ०.२ ग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. नव्या नियमानें ती ०.०२ ग्रॅमवर, म्हणजे एकदशांशावर आली. पण हे नियम नव्या यंत्रांस लागू. चांगलें राखलेलें डिझेल इंजिन वीस-वीस वर्षें चालतें, आणि आपल्या आवारांत उभें आहे तें बहुधा जुन्याच पिढीचें असतें. तें मोडींत काढणें परवडत नाहीं व तसेंच चालूं देणें सोसत नाहीं, अशा पेंचांतून दुहेरी इंधनाचा विचार निघाला.

ही कल्पना मात्र नवी नाहीं. ज्या रुडॉल्फ डिझेलच्या नांवानें हें इंजिन जगभर ओळखलें जातें, त्याचें पहिलें यशस्वी यंत्र जर्मनींत ऑग्सबुर्ग येथें १८९७ सालीं चाललें. आणि पुढें चारच वर्षांनीं, १९०१ मध्यें, त्यास मिळालेल्या एका अमेरिकन पेटंटांत, सहज न पेटणारें इंधन हवेबरोबर आंत घेऊन तें दुसऱ्या सहज पेटणाऱ्या इंधनाच्या फवाऱ्यानें पेटविण्याची रीति वर्णिलेली आहे. म्हणजे आज ‘नवें तंत्र’ म्हणून जें विकलें जातें, तें मूळ पुरुषाच्या टिपणवहींतलेंच होय. आमच्या महाराष्ट्राचा या यंत्राशीं संबंध तसा जुना व जिव्हाळ्याचा. किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्यांत ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, १९६२ सालीं कमिन्सचा कारखाना आला, आणि पुणें हें या धंद्याचें माहेरघर बनलें. गुजराथेपासून आसामापर्यंत एखाद्या जनित्राची पाटी पुसून पाहिली तर तिच्यावर पुण्याचें नांव निघण्याचा संभव पुष्कळ.

आतां यंत्राच्या आंत काय घडतें तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवेस तिच्या मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतक्या जागेंत दाबतो, त्या दाबानें हवा पांचशें अंशांच्याहि वर तापते, व अशा तप्त हवेंत डिझेलचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. कारण डिझेलला स्वतः होऊन पेटण्यास अडीचशें अंशहि पुरे होतात. नैसर्गिक वायु हा मुख्यतः मिथेन. त्याला स्वतः होऊन पेटण्यास याच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि तीहि कांहीं काळ टिकावी लागते. दर मिनिटास पंधराशें फेरे घेणाऱ्या इंजिनांत एवढी सवड कोठली! म्हणून नुसता वायु डिझेल इंजिनांत सोडला तर तो न पेटतां जसाच्या तसा धुराड्यांतून बाहेर पडेल. दुहेरी इंधनांतली युक्ति ती हीच कीं, वायु हवेबरोबर आंत घ्यावयाचा आणि थोडेंसें डिझेल काडीसारखें वापरून त्याला पेटवावयाचें. काष्ठें कितीहि असलीं तरी अग्निहोत्रास प्रथम एक निखारा हवा, तसा हा प्रकार आहे.

या जोडणीसाठीं इंजिन उघडावें लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. हवेची गाळणी जेथें असते तेथें एक मिश्रक बसवितात. वायूच्या नळीवर गाळणी, आपोआप बंद होणारी झडप, दाब नियमित करणारा रेग्युलेटर व प्रमाण ठरविणारी झडप असा संच असतो. आणि धुराचें तापमान, इंजिनाचा भार व त्याचे हादरे यांवर लक्ष ठेवणारा एक नियंत्रक असतो. वायु आंत जाऊन शक्ति देऊं लागला कीं इंजिनाचा वेग वाढूं पाहतो. तो वाढतांच गव्हर्नर आपल्या स्वभावानुसार डिझेल कमी करतो. जणूं घरांत एक मुलगा कमावता झाला कीं वडिलांनीं आपण होऊन आपल्या खांद्यावरचें ओझें हलकें करावें. वायु तुटला, वा इंजिन ठोके देऊं लागलें, तर नियंत्रक वायूची झडप मिटतो आणि तोच गव्हर्नर क्षणांत डिझेल वाढवून काम सांभाळतो. दिवा मिणमिणत सुद्धां नाहीं. इस्पितळासारख्या ठिकाणीं निव्वळ वायूवर चालणाऱ्या इंजिनापेक्षां हें दुहेरी इंजिन अधिक भरंवशाचें मानतात तें याच कारणानें. भूकंपानें वा रस्त्याच्या खोदकामानें वायूची नळी फुटली तरी टांकींतलें डिझेल शिल्लक असतेंच.

या व्यवहारांत ‘सत्तर-तीस’ हें प्रमाण नेहमीं बोललें जातें, म्हणजे सत्तर हिस्से वायु आणि तीस हिस्से डिझेल. येथें वाचकांनीं थोडें थांबावें अशी आमची विनंति आहे, कारण सगळी मेख येथेंच आहे. सत्तर हा आंकडा खोटा नव्हे. परंतु तो यंत्रावर बरा भार असतांनाचा आंकडा आहे. डिझेल इंजिन, भार असो वा नसो, हवा जवळजवळ सारखीच ओढून घेतें. फक्त इंधन कमी-जास्त होतें. मिथेन हवेंत शेंकडा पांचाहून कमी असला तर त्या मिश्रणांतून ज्वाला पसरत नाहीं. चांगल्या भारावर आंत येणाऱ्या हवेंत वायूचें प्रमाण शेंकडा तीन-चारपर्यंत असतें व इंजिनांतील दाब आणि उष्णता यांच्या साह्यानें तें बऱ्यापैकी जळतें. भार उतरला कीं हेंच प्रमाण शेंकडा दीड-दोनवर येतें, आणि मग डिझेलच्या फवाऱ्याच्या आसपास जेवढा वायु असेल तेवढाच जळतो; कडेचा वायु कोरा बाहेर जातो, अर्धवट जळालेल्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणून दुहेरी इंधनावर काजळी व नायट्रोजनचीं ऑक्साइडें सामान्यतः घटतात, तीच गोष्ट कार्बन मोनॉक्साइड व न जळालेला वायु यांची उलट होते, ते वाढतात. धुराड्यांत उत्प्रेरक बसवून कार्बन मोनॉक्साइड बराच आटोक्यांत येतो, मिथेन मात्र उत्प्रेरकालाहि सहज दाद देत नाहीं.

आणि आपल्या इमारतींतील जनित्रें बहुतकरून हलक्या भारावरच चालतात. ठेकेदारानें सर्व लिफ्ट, सर्व पंप व सर्व दिवे एकदम चालूं होतील असें धरून मोठें यंत्र सुचविलेलें असतें. प्रत्यक्षांत रात्रीं दोन वाजतां एक लिफ्ट आणि जिन्याचे दिवे एवढाच त्याचा संसार असतो. अशा यंत्रास वायूची जोड दिली तरी शहाणा नियंत्रक त्या भारावर वायु घेणारच नाहीं, आणि अडाणी नियंत्रक घेईल तर ती गोष्ट न घेण्याहून वाईट.

हवामानाच्या दृष्टीनेंहि हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तितकीच उष्णता देतांना वायु डिझेलपेक्षां सुमारें एकचतुर्थांश कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. सत्तर-तीस प्रमाण धरलें तर एकंदर बचत शेंकडा सतरा-अठरा होते. पण न जळालेला मिथेन हा शंभर वर्षांच्या मापानें कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापविणारा. आम्ही मांडलेल्या हिशेबाप्रमाणें आंत गेलेल्या वायूपैकीं शेंकडा तीन-साडेतीन जरी कोरा निसटला, तरी ही सारी बचत पुसली जाते. तेव्हां विक्रेता ‘हरित’ म्हणून जें विशेषण लावतो तें काजळीपुरतें खरें असूं शकतें. पृथ्वीच्या तापमानापुरतें तें यंत्राच्या भारावर व जोडणीच्या निगेवर अवलंबून आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून केलेला व्यापार आम्हांस पसंत नाहीं.

असें असतां ही पद्धति एवढी पसरली कशी? त्याचें उत्तर दिल्लीच्या हिवाळ्यांत आहे. ऑक्टोबरनंतर तेथील हवा थंड होऊन जमिनीलगत साचते, वारा पडतो, आणि वाहनें, कारखाने, जळतें पीकशेष व जनित्रें या सर्वांचा धूर एकाच घुमटाखालीं कोंडतो. राजधानी व तिच्या आसपासच्या प्रदेशाच्या हवेसाठीं २०२१ च्या कायद्यानें नेमलेल्या आयोगानें जनित्रांवर हात घातला, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें काढलेल्या आदेशानें यंत्रांच्या शक्तीप्रमाणें अटी ठरविल्या. १९ ते १२५ किलोवॅटपर्यंतच्या जुन्या जनित्रांनीं दुहेरी इंधनाची जोड घ्यावी. त्याहून मोठ्यांनीं ती तरी घ्यावी किंवा धुराड्यावर काजळी पकडणारें उपकरण तरी बसवावें. न पाळणाऱ्यांनीं बिकट हवेच्या दिवसांत यंत्र चालवूं नये. गुरुग्राम, नोइडा येथील उंच इमारतींत मोठा गोंधळ उडाला, कारण त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं जनित्र हें क्वचितच्या उपयोगाचें साधन नसून रोजचा सोबती होता. कोठें वायूची नळीच आलेली नव्हती, कोठें यंत्र तळघरांत होतें, कोठें पैसे कोणीं भरावेत यावरून बांधकाम करणारे व राहणारे यांत वाद जुंपला. मराठी कुटुंबें त्या भागांतहि आतां थोडीं नाहींत. त्यांस हे प्रसंग पुरेसे परिचयाचे असतील.

धुराड्यावर बसविण्याच्या उपकरणाचा उल्लेख वर आला. त्याविषयीं दोन शब्द. हें उपकरण धुरांतील कण गाळून अगर विजेच्या आकर्षणानें गोळा करतें. तें इंधन वांचवीत नाहीं, पण भार कितीहि हलका असला तरी आपलें काम करतें, आणि त्याला वायूची नळी लागत नाहीं. त्यांत साठलेल्या काजळीची शाई करण्याचा प्रयोगहि दिल्लीच्या कांहीं तरुण अभियंत्यांनीं करून दाखविला आहे. दिव्याच्या काजळीची शाई घोटून पोथ्या लिहिणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांस त्यांत नवल वाटूं नये.

खर्चाच्या बाबतींत एक सोपें माप लक्षांत ठेवण्यासारखें आहे : एक घनमीटर नैसर्गिक वायु उष्णतेच्या हिशेबानें जवळजवळ एका लिटर डिझेलच्या बरोबरीचा असतो. पुण्यांत महाराष्ट्र नॅचरल गॅस आणि मुंबईंत महानगर गॅस यांच्या बिलावरील दर व पंपावरील डिझेलचा दर समोरासमोर ठेवले कीं दर लिटरमागची बचत कोणालाहि काढतां येईल. मात्र घरगुती दर न धरतां व्यापारी दर धरावा, नाहींतर उत्तर फसवें येईल. आतां शंभर किलोवॅटचें जनित्र साठ किलोवॅट भारावर चालत आहे असें समजूं. एका लिटरमागें साडेतीन युनिटें धरलीं तर तासाला सुमारें सतरा लिटर तेल जळेल. ज्या सोसायटींत वर्षाकाठीं वीज पन्नास तास जाते, तेथें हें तेल वर्षास साडेआठशें लिटर. त्यांतलें साठ टक्के वायूनें भागविलें तरी पांचशें लिटरच वांचतील. जोडणीस लागणारे कांहीं लाख रुपये या बचतींतून आजोबांच्या हयातींत तर नाहींच, नातवाच्या लग्नापर्यंतहि वसूल होणें कठीण. उलट जेथें जनित्र वर्षास हजार तास चालतें, अशा कारखान्यांत वा गृहसंकुलांत दहा हजार लिटर डिझेल वांचतें व हिशेब पार पालटतो.

शिवाय वीज जाण्याची रीतहि पाहावी. सुरुवात नेहमीं शुद्ध डिझेलवर होते. इंजिन तापून भार स्थिर झाल्यावर, कांहीं मिनिटांनीं, वायु मिसळूं लागतो. दहा-पंधरा मिनिटें वीज जाणाऱ्या भागांत, सुरू होतांनाचा जो काळा लोट सर्वांत वाईट, तो जसाच्या तसा राहतो आणि वायूची पाळी येते न येते तोंच वीज परत येते. अशा ठिकाणीं लिफ्ट व जिन्याचे दिवे यांपुरती विजेच्या घटांची, म्हणजे बॅटऱ्यांची, सोय करून जनित्राला बोलावण्याचे प्रसंगच कमी करावेत हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

सुरक्षिततेविषयीं उगाच भय बाळगण्याचें कारण नाहीं. पण निष्काळजीपणालाहि जागा नाहीं. मिथेन हवेहून हलका, म्हणून गळला तर वर चढतो; जनित्राच्या खोलीला छताशीं झरोका हवा व वायूची चाहूल देणारें यंत्रहि छताजवळच हवें. स्वयंपाकाच्या टांकींतला वायु याच्या उलट जड असून जमिनीवर पसरतो व तळघरांत साचतो. कोणी कंत्राटदार ‘नळी येईपर्यंत त्या टांक्यांवर चालवूं’ असें म्हणूं लागला तर त्याला दाराबाहेरच थांबवावें. तो वायु डिझेल इंजिनांत लवकर ठोके देतो, हें आणखी निराळें.

खेड्यांतील कथा याहून निराळी, आणि आमच्या मतें अधिक मनोरम. मुंबईंत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून निघणारा ज्वालाग्राही वायु गोळा करून दिव्यांसाठीं वापरला गेला होता. पुढें शेणाच्या वायूचा प्रसार झाल्यावर शेतकऱ्यांच्या साध्या डिझेल इंजिनास त्याची जोड देण्याचे प्रयोग झाले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनीं कर्नाटकांतील पुरा नांवाच्या लहानशा खेड्यांत गांवचें शेण एकत्र करून त्या वायूवर व थोड्या डिझेलवर चालणारें जनित्र उभारलें; त्यानें विहिरीचें पाणी घराघरांत नळानें गेलें व दिवे लागले, आणि शेणाचें खत शेतकऱ्यांना परत मिळालें. शेणाच्या वायूंत मिथेनखेरीज बराच कार्बन डायऑक्साइड असल्यामुळें त्याची धग कमी. तरी जेथें तो फुकट उडून जाणार होता तेथें तो डिझेलची जागा घेतो, आणि वर मांडलेला मिथेनचा हिशेब त्याला तितका कठोरपणें लागू पडत नाहीं.

शहरांतल्या वाचकांनीं वायूची जोड घ्यावी कीं नाहीं, हें सभेंत ठरवितांना प्रथम गेल्या वर्षांत जनित्र किती तास व किती भारावर चाललें याची नोंदवही पुढें ठेवावी. दुसरें, धुराडें मोजावें. मंडळाच्या नियमाप्रमाणें तें इमारतीच्या माथ्यापेक्षां, यंत्राच्या केव्हीए आंकड्याच्या वर्गमूळाच्या पंचमांशाइतके मीटर उंच असावें लागतें. म्हणजे शंभर केव्हीएच्या यंत्रास छपराच्या वर दोन मीटर. कित्येक ठिकाणीं तें पहिल्या मजल्याच्या सज्जाखालींच संपतें, आणि तेथें नळ वाढविण्यानें जें साधेल तें लाखो रुपयांच्या जोडणीनेंहि साधणार नाहीं. या दोन गोष्टी पाहूनहि जोड घ्यावयाची ठरली, तर विक्रेत्याच्या कारखान्यांतील दाखल्यावर न विसंबतां आपल्याच आवारांत, आपल्याच भारावर, आधीं नुसत्या डिझेलवर व मग दुहेरी इंधनावर धूर मोजून घेण्याची अट करारांत घालावी. त्या दाखल्यांत काजळी व नायट्रोजन ऑक्साइडें यांबरोबर कार्बन मोनॉक्साइड व न जळालेला मिथेन यांचेहि आंकडे असावेत. आणि ते केवळ भरल्या भाराचे असतील तर चतुर्थांश भाराचेहि मागून घ्यावेत.